मोहोळ, फवारणी आणि माझी चित्रं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. वेळेअभावी तेव्हा गाळलेले काही तपशील इथे घातले आहेत.)



संयोजकांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. वीस मिनिटं बोल, स्वतःच्या चित्रांविषयी बोल, आणि जेवणाआधी संपव. तिसरी अट मोडली तर तुम्ही मला पुढच्या मेळाव्याला बोलावणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून जेवणापासूनच सुरुवात करते.

आजचा बेत मी मघाशी विचारून आले. पुरी, मसालेभात, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, टोमॅटोचं सार आणि जिलबी. यातल्या पुरीचा गहू आणि भाताचा तांदूळ यांना कुणाची गरज लागत नाही. त्यांचं फूल स्वतःच स्वतःचं काम उरकतं. ज्वारी-बाजरीचंही तसंच, फार तर वारा लागतो. पण काकडीच्या मादीफुलावर नरफुलाचे पराग कुणीतरी आणून टाकावे लागतात आणि ते काम बहुतेक वेळा मधमाशी करते. फोडणीतली मोहरी, वरची कोथिंबीर ज्या धण्यांतून उगवली ते धणे, तळणाचं तेल सूर्यफुलाचं असेल तर तेही, या सगळ्यांमागे माशी आहे. वांग्याची आणि टोमॅटोची गोष्ट आणखी गमतीची. त्यांच्या फुलातले पराग मिठाच्या भांड्यातल्या मिठासारखे आत बंद असतात, टोकाला बारीक भोक. फूल धरून जोरात थरथरवलं तरच ते बाहेर पडतात. मधमाशीला हे जमत नाही. जमतं ते भुंग्याला, म्हणजे जुन्या वाड्यांच्या तुळयांना भोकं पाडणाऱ्या त्या काळ्या भुंग्याला, ज्याच्या मागे आपल्या आज्या केरसुणी घेऊन धावायच्या. टोमॅटो थोडंफार वाऱ्यानं हललं तरी धरतं, पण भरली वांगी खाताना त्या भुंग्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

जगभरातल्या महत्त्वाच्या ११५ अन्नपिकांचा आढावा शास्त्रज्ञांनी २००७ साली घेतला, तेव्हा त्यांतली ८७ पिकं कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांच्या, मुख्यतः कीटकांच्या परागीभवनावर अवलंबून असल्याचं दिसलं. वजनानं मोजलं तर त्यांचा वाटा एकूण उत्पादनाच्या साधारण ३५ टक्के. म्हणजे माशा नसल्या तर आपण उपाशी मरणार नाही. भाकरी राहील. भाकरीबरोबरचं जवळजवळ सगळं जाईल.

मी गेली नऊ वर्षं शेती आणि मधमाशी यांच्यावर चित्रं काढते आहे. हे सांगितलं की लोक म्हणतात, 'अय्या, किती गोड विषय!' तो गोड नाही. शेतीला माशी लागते आणि शेतीच माशीला मारते. तेच शेत, तेच फूल, कधी कधी तीच सकाळ. हे चित्रात कसं आणायचं, या एका प्रश्नात माझी नऊ वर्षं गेली. उत्तर मिळालं असं म्हणवत नाही, पण प्रश्न चांगला निघाला.

आधी थोडं मागे जाते. माणसानं मधमाशी फार जुन्या काळापासून चित्रांत काढली आहे. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, पचमढी आणि भीमबेटकाच्या शैलाश्रयांत, मध काढणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. शिडीवर चढलेला माणूस, वर पोळं, भोवती ठिपके. ते ठिपके म्हणजे माशा. स्पेनमध्येही असंच एक गुहाचित्र आहे, दोरावरून लोंबकळणारी व्यक्ती आणि भोवती उडणाऱ्या माशा. पुढे संस्कृत काव्यात भ्रमर आला, तो प्रियकर झाला. या फुलावरून त्या फुलावर जाणारा, बेभरवशाचा. कवींनी त्याला कधी कामाला लावलं नाही. मला या सगळ्या परंपरेत एक गोष्ट खटकते. माशीबरोबर मध लुटणारा आहे, प्रेमी आहे, पण शेतकरी फार क्वचित आहे. नांगरणारा बैल चित्रांत आला, मळणी आली, पेरणी आली. फूल फळात बदलतं तो क्षण मात्र कुणी काढला नाही, कारण तो दिसतच नाही.

आपल्या पुण्यात मात्र एक शब्द होता. माधुकरी. आपल्या आजोबांच्या पिढीतली कित्येक मुलं माधुकरी मागून शिकली. मधुकर, म्हणजे मधमाशी, जशी प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेते आणि फुलाला इजा करत नाही, तसं पाच घरांतून थोडं थोडं घ्यायचं. कल्पना फार सुंदर आहे. ती कुणाच्या मुलांपुरती होती आणि कुणाला त्या दारांवर उभंही राहू दिलं जात नव्हतं, हेही आपल्याला माहीत आहे, ते झाकायचं कारण नाही. पण मी चित्रकार म्हणून त्या शब्दाकडे पाहते तेव्हा मला दुसरंच दिसतं. त्या उपमेत माशी फक्त घेते. ती देते काय, याचा त्यात उल्लेखच नाही. ज्या घरातून मूठभर भात घेतला त्या घरात नंतर काय उगवलं, हे कुणी विचारलं नाही.

आणि आम्ही कलावंत तरी काय वेगळे? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात धातूच्या मूर्ती ओतायची पद्धत सांगितली आहे. आधी मूर्ती मेणाची करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. या पद्धतीचं नाव मधूच्छिष्टविधान. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचं उष्टं, म्हणजे मेण. देवाची मूर्ती माशीच्या उष्ट्यातून होते! केळकर संग्रहालयातले जुने पितळी दिवे आणि मूर्ती पाहताना मला हे हटकून आठवतं. मी स्वतः कॉलेजात बाटिक शिकले, तेव्हा कढईत वितळणारं मेण कुठून आलं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. त्या काळी बाजारातलं बरंचसं मेण जंगलातली आग्या मोहोळं रात्री पलिते लावून जाळून यायचं.

आता माझ्या चित्रांकडे येते. आपल्याला चित्रकलेच्या बाईंनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं होतं, आठवतं? वस्तुचित्राला टेबलावर तांब्या, पेला आणि फळं. बाई मंडईतून फळं निवडून आणायच्या. पेरू गोल, वांगं तुकतुकीत, काकडी सरळ. 'आकार शुद्ध असला म्हणजे हात बसतो,' असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंच होतं. बाई समोर बसल्या आहेत, त्यांना सांगते की त्यांनी बसवलेल्या त्या हातानंच मी आता वाकडी फळं काढते.

सुरुवात झाली महाबळेश्वरच्या रस्त्यावर. भिलारच्या पुढे एका शेताच्या कडेला निवडून टाकलेल्या स्ट्रॉबेरीचा ढीग होता. एका बाजूनं फुगलेल्या, दुसऱ्या बाजूनं चिमलेल्या, काही तर मांजराच्या तोंडासारख्या. मी त्यातल्या दहा-बारा उचलून रेखाटल्या, केवळ आकार आवडले म्हणून. तिथल्या बागायतदारानं मला त्या आकाराचा अर्थ सांगितला. स्ट्रॉबेरीवर बाहेरून जे तिळासारखे दाणे दिसतात, ते तिचं खरं फळ. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुगलेली बैठक. प्रत्येक दाण्यापर्यंत पराग पोचला तर त्या दाण्याभोवतीचा गर फुगतो. नाही पोचला तर तेवढी जागा चिमलेली राहते. माशी फुलावर गोल फिरते तेव्हा ती सगळ्या बाजूंना पराग लावते. सगळंच वाकडेपण माशीअभावी येतं असं नाही हं. थंडीनं येतं, बोरॉन कमी पडलं तरी येतं. पण एखादी स्ट्रॉबेरी हातात धरली की ती माशांच्या हजेरीचा तक्ता आहे, हे त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत बसलं.

मग मी त्या तक्त्यांच्या मागे लागले. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला सुतासारखी बारीक काकडी. एका बाजूनं चपटं कलिंगड. मधेच रिकामं राहिलेलं सूर्यफुलाचं तबक, ज्यात फोल दाणे. ही चित्रं मी अगदी बाईंच्या पद्धतीनं काढली, पांढरा कागद, एकाच बाजूनं उजेड, सावली खाली उजवीकडे. पाहणाऱ्याला आधी हसू येतं. मग तो विचारतो, हे असं का? माशी चित्रात कुठेच नसते. ती आली नाही, एवढंच चित्रात असतं.

महाबळेश्वर तालुक्याबद्दल एक जाता जाता सांगते. तिथे भिलार हे पुस्तकांचं गाव आहे आणि मांघर हे मधाचं गाव. मांघरला मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. तिथले मधपाळ ज्या माशा पेटीत पाळतात ती आपली देशी सातेरी. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपण त्या रस्त्यानं किती वेळा गेलो असू! मी तिथे पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. तिथे मला चार-पाच नावं नीट कळली. कड्यावर, टाकीखाली, उंच झाडावर एकच मोठं उघडं पोळं बांधते ती आग्या. झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत समांतर पोळी बांधते ती सातेरी. कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. भिंतीच्या फटीत राहणारी, नांगी न मारणारी इवलीशी पोया. आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा, जी १९६० च्या दशकात पंजाब-हिमाचलाकडे रुजली आणि आज ट्रकमधून पेट्या भरभरून राज्याराज्यांत फिरते. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती बहुसंख्येनं मारल्या. त्यानंतर मेलिफेराचं वजन आणखी वाढलं. थोडक्यात, आज शेतकऱ्याला माशी हवी असेल तर ती अनेकदा भाड्यानं आणावी लागते.

हे भाड्याचं प्रकरण मला आपल्या वर्गातल्या एका मित्रामुळे कळलं. नाव घेणार नाही. तो मागच्या रांगेत बसलाय आणि आत्ता खाली बघतोय, एवढ्यावरून ओळखा. हे सगळं सांगायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. दहावीनंतर तो जुन्नरकडे वडिलांच्या शेतावर गेला. तो कांद्याचं बी करतो. कांदा पुन्हा जमिनीत लावायचा, त्याला दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे. जानेवारी-फेब्रुवारीत ते रान पाहण्यासारखं असतं, जमिनीवर चांदणं पसरल्यासारखं. एका गोंड्यात शेकडो फुलं असतात. प्रत्येक फुलाचे पराग आधी सुटतात आणि स्त्रीकेसराचं टोक नंतर तयार होतं. त्यामुळे फुलाला स्वतःच्या परागांचा उपयोग होत नाही, दुसऱ्या फुलाचे आणून द्यावे लागतात. त्यातून कांद्याचा मकरंद माशांना फारसा आवडत नाही, त्यात पोटॅशियम जास्त असतं. आसपास दुसरं काही फुललं असलं की त्या तिकडे जातात. म्हणून शेतकरी गुळाचं पाणी फवारतात, माशांनी इकडे वळावं म्हणून.

आणि नेमक्या त्याच दिवसांत गोंड्यावर फुलकिडे येतात. नाही फवारलं तर गोंडा वाळतो. फवारलं तर माशा मरतात. शास्त्र सांगतं, शक्यतो फुलोऱ्यात फवारू नका, फवारायचंच तर सूर्य मावळल्यावर, माशा घरी गेल्यावर. माझा मित्र मला म्हणाला, 'तू हे चित्रात लिहून टाक. पण हेही लिही की संध्याकाळी मजूर मिळत नाही. मजूर सकाळी आठला येतो आणि एकला जातो. शेजारचा सकाळी फवारतो. त्याच्याकडची माशी माझ्याकडे येते, माझ्याकडची त्याच्याकडे. मी एकट्यानं संध्याकाळ पाळून काय होणार?'

एका वर्षी त्याच्या रानात गोंड्यांच्या बुडाशी मेलेल्या माशांचा सडा पडला होता. त्यानं मला फोन करून बोलावलं. मी रेखाटनवही घेऊन गेले. तो बांधावर बसून राहिला, मी काढत राहिले. त्या दिवशी आम्ही फारसं बोललो नाही. पुढच्या हंगामात त्यानं पेट्या भाड्यानं मागितल्या तर मधपाळानं नकार दिला. आजूबाजूला फवारणी आहे, माझ्या वसाहती मरतील, म्हणाला. त्याचंही काय चुकलं? शेवटी मित्राच्या घरातल्या बायका आणि गावातल्या आणखी चार जणी सकाळी ओळीनं फिरून तळहातांनी गोंडे कुरवाळत गेल्या, या गोंड्यावरून त्या गोंड्यावर. दिवसभर. ती मला आजवर दिसलेली सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत उदास हालचाल आहे. त्याची मी सोळा चित्रं केली आहेत, फक्त हात आणि गोंडे. बी आलं, पण मजुरी वजा करता हातात काय राहिलं ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चीनमध्ये सिचुआन प्रांतातल्या हानयुआन भागात नासपतीच्या बागांत माणसं झाडांवर चढून पिसांच्या काठ्यांनी पराग लावतात, ती छायाचित्रं तुमच्यापैकी कुणी पाहिली असतील. 'माशा संपल्या की हे असं होतं' असं त्यांखाली लिहिलेलं असतं. गोष्ट तेवढी सरळ नाही. तिथे चांगल्या जातींना दुसऱ्या जातीचे पराग लावायचे असतात, एके काळी मजुरी स्वस्त होती, आणि बागांत फवारणी फार, म्हणून मधपाळ पेट्या द्यायला तयार नव्हते. जुन्नर आणि सिचुआन यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

फवारणीच्या बाटल्यांवर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे अतिशय विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानानं सौम्य. आपल्या वर्गातला एक जण आयुष्यभर औषधांच्या धंद्यात होता, त्यानंच मला हे रंग समजावले आणि पुढे जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. हे रंग सस्तन प्राण्यांवरच्या परिणामावरून ठरतात. म्हणजे उंदराला किती डोस मारक, त्यावरून. माशीसाठी वेगळा रंग नाही. त्यामुळे निळ्या-हिरव्या खुणेचं औषध माशीला मारक असू शकतं. लेबलवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं, पण पंप भरताना बारीक अक्षरं कोण वाचतो? आणि वाचूनही माणूस वाचतोच असं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. म्हणून 'शेतकरी विरुद्ध माशी' अशी मांडणी केली की मला राग येतो. पंपाच्या नळीच्या एका टोकाला माशी असते आणि दुसऱ्या टोकाला, उघड्या पाठीवर, माणूस असतो. युरोपीय संघानं २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसकट तीन निओनिकोटिनॉइड औषधांना उघड्या शेतात वापरायला बंदी केली. आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

ते चार रंग घेऊन मी एक मालिका केली. कुठल्याही चित्रात पाचवा रंग नाही. दुरून ती चित्रं सणासुदीची वाटतात, हिरवं-पिवळं शेत, निळं आकाश, लाल लुगडं. जवळ गेल्यावर कळतं की सगळं त्रिकोणांनी भरलेलं आहे.

मागच्या वर्षी ही सगळी चित्रं शहरातल्या एका छोट्या कलादालनात चार दिवस लावली होती. आपल्यातले बरेच जण आले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक सद्गृहस्थ मेलेल्या माशांच्या चित्रासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, 'या शेतकऱ्यांना अक्कलच नाही. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात.' आपला जुन्नरचा मित्र तेव्हा तिथेच होता. तो शांतपणे त्यांच्याजवळ गेला आणि त्यानं विचारलं, 'साहेब, तुमच्या सोसायटीत मोहोळ लागलं की तुम्ही काय करता?' ते म्हणाले, 'पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो.' म्हणाले आणि मग स्वतःच गप्प झाले. मित्र त्यांच्यावर चिडला नाही. त्यानं त्यांना हातांची चित्रं दाखवायला नेलं. दोघं अर्धा तास बोलत होते. पुढे त्यांनी ती काकडी विकत घेतली, त्यांच्या जेवणाच्या टेबलासमोर लावली आहे म्हणे.

लंडनच्या क्यू उद्यानात वोल्फगँग बट्रेस या शिल्पकाराचं 'द हाइव्ह' नावाचं प्रचंड काम उभं आहे. २०१५ च्या मिलानच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेलं, १७ मीटर उंच, ॲल्युमिनियमच्या सुमारे १ लाख ७० हजार तुकड्यांचं. जवळच्या खऱ्या वसाहतीतली थरथर यंत्रं टिपतात आणि त्यानुसार आतले दिवे उजळतात, आवाज घुमतो. आत उभं राहिलेला माणूस पोळ्यात शिरल्यासारखा होतो. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. तरीही सांगते, त्यात शेत नाही. आपल्याकडे माशीविषयी काही करायचं तर त्यात मजुरीचा दर, विजेची वेळ आणि शेजाऱ्याचा बांध यायलाच हवा. नाहीतर ते पुन्हा 'अय्या, किती गोड' होतं.

आता शेवटची आणि खरी गोष्ट. सकाळी येताना तुम्ही पाहिलंच असेल, आपल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली, मागच्या जिन्याच्या वर, आग्याचं मोहोळ लागलं आहे. चांगलं हातभर रुंद. मुख्याध्यापिकाबाई माझ्या परिचयाच्या आहेत. त्यांनी मोहोळ काढून टाकण्याचं दरपत्रक मागवलं आहे आणि त्यांची काळजी अगदी रास्त आहे. मार्चमध्ये दहावीची परीक्षा आहे. आग्या चिडली तर थट्टा नाही, माणूस मरू शकतो. मुलांचा जीव पहिला, यात वाद नाही.

पण काही गोष्टी आपल्याला माहीत असाव्यात. आग्या पेटीत राहत नाही, तिला उचलून दुसरीकडे पाळता येत नाही. ती आपल्याकडे दिवाळीनंतर येते आणि पावसाआधी स्वतःहून जाते, कारण ती वसाहतच फिरती आहे. पोळ्यावर वरवर एक थर माशांचा असतो. गांधीलमाशी जवळ आली की त्या थरातल्या माशा क्रमानं शेपट्या उंचावतात आणि सगळ्या पोळ्यावरून लाट सरकत जाते. सकाळी अर्धा तास मी खाली उभी राहून ती लाट पाहिली. मला काहीही झालं नाही. ती चिडते ती दगडानं, धुरानं, आणि रात्री जवळच्या दिव्यांनी गोंधळते.

म्हणून मी, आपल्या तिघा वर्गमित्रांनी आणि जीवशास्त्राच्या सरांनी मिळून बाईंना एक पर्याय दिला आहे. मागचा जिना मेअखेर बंद. त्या बाजूचा दिवा काढायचा. परीक्षेचे वर्ग समोरच्या इमारतीत. त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी, तिचा खर्च आपल्या बॅचच्या निधीतून, त्याला आज सकाळीच कोषाध्यक्षांनी होकार दिला. फटाके आणि धूर शाळेच्या आवारात नाही, म्हणजे आज रात्रीची आतषबाजी रद्द, ज्यांनी आणली आहे त्यांची क्षमा मागते. एवढं करूनही माशा मुलांच्या वाटेत येऊ लागल्या तर बाई योग्य तो निर्णय घेतील आणि आम्ही एक शब्द बोलणार नाही. बाईंनी सोमवारपर्यंत वेळ मागितला आहे.

जिन्याच्या तोंडाशी लावायला मी एक पाटी रंगवून आणली आहे. 'इकडे येऊ नका' एवढंच लिहिलं आहे आणि खाली एक आग्या काढली आहे, आठ इंचांची, पंखांच्या शिरांसकट. जुन्नरच्या मित्रानं ती पाहून सांगितलं की मागचा पाय जरा बारीक झालाय, परागाची पिशवी त्यावर बसणार नाही. जेवणानंतर रंग आणते आणि तो पाय जाड करते. ज्यांना पाहायचं आहे त्यांनी यावं, फक्त आवाज न करता.